मी ह्यांना ओळखत नाही

श्रीगोंदा
६ सप्टेंबर

अमृत,

प्रदर्शनाचं निमंत्रण मिळालं. पाकिटावरचं अक्षर सविताचं आहे, म्हणजे तिनंच आग्रह धरला असणार आणि तुला नाही म्हणता आलं नसणार. मी येणार नाही. तिला सांग, दादाला दुकानात काम आहे. माझ्या दुकानात आता काम नसतं हे तिला माहीत आहे, पण ती खोदून विचारणार नाही.

हे पत्र मुद्दाम तुझ्या कॉलेजच्या पत्त्यावर टाकतोय. तुझा नंबर मी फोनमधून काढून टाकलाय, आणि घरी पाठवलं तर सविता फोडणार. बहिणीच्या संसारात आपल्या हातून माती पडू नये, एवढंच मी फेब्रुवारीपासून सांभाळत आलोय. आपलं तोंड बंद आहे ते तिच्यासाठी. तुझ्यासाठी आहे असा गैरसमज करून घेऊ नकोस.

कार्ड छान छापलंय. 'आशियातील विमानतळ : एका भूगोल शिक्षकाची सफर.' एका.

काकडीला शिर्डीचं विमानतळ सुरू झालं तेव्हा आपण पहाटे श्रीगोंद्याहून मोटारसायकल काढायचो, आठवतं का? कुंपणाबाहेर मुरमाच्या ढिगावर बसून अख्खा दिवस घालवायचा. तू मोबाईलवर नकाशा उघडून सांगायचास, हे हैदराबादचं निघालं, हे बीडवर आलं, आता दिसेल बघ. मी लेन्स लावून तयार. एकदा शेळ्या घेऊन आलेल्या म्हातारीनं विचारलं, "कुनाला न्यायला आलाय व्हय?" तू म्हणालास, "न्हाई आजी, इमान बघायला." तिनं विचारलं, "बघून काय मिळतंय?" परतीच्या सगळ्या वाटेवर आपण हसत होतो.

त्या ढिगावरच ठरलं होतं की एकदा बाहेर जायचं, मोठमोठ्या विमानतळांवर, नुसती विमानं बघायला. देवळं नाहीत, बाजार नाही, समुद्र नाही. सगळा गाव हसला. आणि त्याच ढिगावर तू सविताबद्दल बोललास, मान खाली घालून, हातात खडे घोळवत. आई तयार नव्हती. "पोरगा इमानं बघत हिंडतोय," म्हणाली. मी म्हणालो, आई, त्याची हमी माझी. लग्न झाल्यापासून चारचौघांत मी तुला दाजी म्हणायला लागलो, तुम्ही म्हणायला लागलो. दोघंच असलो की तू अमृत्या आणि मी हन्म्या.

जानेवारीत निघालो. बँकॉकला दोन धावपट्ट्यांच्या मधोमध लोक गोल्फ खेळताना बघून तू वेडा झालास. ओसाकाला नदीच्या बांधावर उभे राहिलो, आणि विमान डोक्यावरून असं गेलं की चाकाचे खिळे मोजता आले असते. तू रडलास. शेजारचा जपानी म्हातारा कानाला रेडिओ लावून बसला होता, त्यानं काही न बोलता आपलं घडीचं स्टूल तुझ्यापुढं सरकवलं. नरिताला गच्चीच्या जाळीत लेन्स बसावी म्हणून भोकं ठेवलेली. तू मला म्हणालास, "हन्म्या, ही माणसं आपली कदर करतात."

त्यानंतर परतीच्या वाटेवर एक शहर होतं. तुझ्या कार्डावर त्याचं नाव नाही. साहजिक आहे. तिथं तू मला सोडून आलास.

हनुमंत


श्रीगोंदा
२१ सप्टेंबर

अमृत,

येणार नाही म्हणालो होतो, पण आलो. शेवटच्या दिवशी, दुपारच्या गाडीनं. तू पाहिलं नाहीस. सभागृह भरलं होतं आणि मी मागच्या दाराशी पोरांच्या गर्दीत उभा होतो.

ओसाकाचं ते डोक्यावरून जाणारं विमान तू पहिल्याच भिंतीवर लावलंयस. चौकट चांगली केलीस. तो फोटो मी काढला, बांधावर पाठीवर झोपून; त्याच रात्री तू तो आपल्या मोबाईलवर उतरवून घेतलास. तू तेव्हा डोळे पुसत होतास. फोटोखाली तुझं नाव आहे. जाऊ दे, म्हटलं. माझा कॅमेरा गेला, परदेशाची वाट बंद झाली, त्यात एका फोटोचं काय.

पण मग प्रश्नोत्तरं झाली. पुढच्या रांगेतल्या मुलीनं विचारलं, "सर, एवढ्या लांब तुम्ही एकटेच गेला होता?"

तू पाणी प्यायलास. ग्लास खाली ठेवलास. "हो," म्हणालास, "एकटाच. असे प्रवास एकट्यानंच करायचे असतात."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी बाहेर आलो आणि स्टँडवर येऊन बसलो. त्या दिवसाबद्दल आपण दोघं कधीच बोललो नाही, म्हणून आज मी लिहितो. तुला आठवत असेलच, पण दुसऱ्याच्या अक्षरात वाच.

संध्याकाळचं विमान होतं. बॅगा आपण विमानतळावर ठेवायला दिल्या होत्या, पावत्या तुझ्याकडं. तुला कळलं होतं की धावपट्टीच्या मागच्या बाजूला चार पंख्यांचं जुनं मालवाहू विमान उभं असतं, जगात आता मोजकीच उरलीत. आपण गेलो. कुंपणावर पाटी होती. कॅमेऱ्याचं चित्र आणि त्यावर लाल फुली. भाषा येत नसली तरी फुली कळते. मी म्हणालो, अमृत्या, नको, हे मिल्ट्रीचं दिसतंय. तू म्हणालास, "एकच. परत कधी येणार आपण?" माझ्या गळ्यातला कॅमेरा तू काढून घेतलास. एक नाही, सात-आठ काढलेस.

गाडी आली तेव्हा तू कॅमेरा माझ्या हातात दिलास. "धर जरा," म्हणालास. मी धरला. कुणी काही दिलं तर माणूस धरतो.

आपण दोघांनी सारख्या टोप्या घातल्या होत्या, 'काकडी स्पॉटर्स' छापलेल्या, माझ्याच दुकानात छापलेल्या. त्या शिपायानं माझं मनगट धरलं आणि तुझ्याकडं बोट करून इंग्रजीत विचारलं, दोघं बरोबर का? मी तुझ्याकडं बघितलं. टोपी तुझ्या डोक्यावर नव्हती. कधी काढलीस, कुठं घातलीस, देव जाणे.

"नो सर," तू म्हणालास. "मी ह्यांना ओळखत नाही. मी फक्त इथून चाललो होतो."

ह्यांना. घाबरलेला असतानासुद्धा तू मला अहो-जाहो केलंस, हे मला पुढं त्यांनी कोंडलेल्या खोलीत बसून फार आठवायचं. इंग्रजीत अहो-जाहो नसतं हे मला कळतं. पण तू ते कसं म्हणालास ते मी ऐकलंय.

तुझा पासपोर्ट बघून त्यांनी तुला जाऊ दिलं. तू चालत गेलास, पळालासुद्धा नाहीस. कोपऱ्यावर तरी वळून बघशील असं मला वाटलं होतं.

पुढचं तुला माहीत नाही, कारण तू विचारलं नाहीस. खोलीत आम्ही सात जण होतो. रोज एकच विचारायचे, कोणासाठी फोटो काढतोस? मी म्हणायचो, लग्नं काढतो साहेब. त्यांनी कॅमेरा उघडला तर विमानांच्या मागं घोड्यावरचा नवरदेव, हळद लागलेल्या बायका, आमच्या गल्लीतलं वाजंत्री. दुभाषा हसला, साहेब हसला नाही. मी रोज वाट बघायचो. अमृत्या घाबरला, ठीक आहे, पण घरी पोचल्यावर तो दिल्लीला फोन करेल, कुणाला तरी गाठेल. तिसरा आठवडा निघाला तेव्हा वकिलातीतला एक माणूस दुसऱ्याच कुणाच्या कामासाठी आला आणि जाता जाता त्यानं मला विचारलं, तू कुठला रे? त्यानं दोन दिवसांत मला सोडवलं. माझ्या नावाची चौकशी भारतातून कुणीही केलेली नाही, हेही त्यानंच सांगितलं.

मी घरी आलो. आई दारात उभी. मला बघून पहिलं काय म्हणाली सांगू? "सुट्टी मिळाली व्हय रं?"

तू तिला सांगितलं होतंस, हनुमंतला जपानात फोटोग्राफीचं काम मिळालं, तो थांबला. वर माझ्या बॅगेतली, जपानात घेतलेली छत्री काढून दिलीस, हनुमंतनं पाठवली म्हणून. ती गल्लीभर सांगत होती, माझा पोरगा जपानात कामाला लागला. त्यात कारखान्याच्या चेअरमनच्या पुतणीचं लग्न मी न कळवता बुडवलं, त्यापुढची दोन लग्नं बुडवली. आता तालुक्यात मला कुणी लग्नाला बोलवत नाही. मी पासपोर्ट साइझ काढतो.

आईला मी म्हणालो, काम जमलं नाही, आलो सोडून. ती म्हणाली, "तुझं कुठंच जमत न्हाई बघ."

हनुमंत


श्रीगोंदा
८ ऑक्टोबर

अमृत,

काल तू दुकानात आलास. जे बोलणं झालं ते तोंडी राहू नये म्हणून लिहितोय. तोंडी गोष्टींचं तू काय करतोस ते मी बघितलंय.

तू आलास तेव्हा दुकानात शेजारच्या रामहरीचा पोरगा शाळेच्या फॉर्मसाठी फोटो काढायला बसला होता. तू त्याच्यासमोर मला "काय हनुमंतराव" म्हणालास. तो गेल्यावर बाकावर बसलास आणि कितीतरी वेळ भिंतीवरचे जुने फोटो बघत राहिलास.

मग म्हणालास, "ओसाकाच्या फोटोवर तुझं नाव टाकतो. पुढचं प्रदर्शन संगमनेरला आहे."

मी म्हणालो, "टाकू नकोस. मी तिथं नव्हतोच ना. तू एकटाच होतास."

"तू आला होतास?" तुझा चेहरा उतरला. "हन्म्या, त्या पोरीनं अचानक विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं."

"दुसऱ्यांदा निघालं."

तू हात जोडलेस. दुकानाच्या काचेतून रस्ता दिसतो आणि रस्त्यावरून आपण दिसतो, म्हणून मी तुझे हात खाली केले. तू म्हणालास, माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. परदेशात अटक झालेला मास्तर संस्थेनं ठेवला असता का? सविताला दिवस होते. दोघंही आत गेलो असतो तर बाहेर कोण राहिलं असतं?

हे मला पटलं असतं. खरंच पटलं असतं, अमृत्या. दोघं आत जाण्यापेक्षा एक बाहेर बरा. पण बाहेर राहिलेल्यानं काहीतरी करायचं असतं. मी तुला तेच विचारलं, घरी आल्यावर फोन का केला नाहीस? एक फोन?

तुझं तोंड उघडलं, मिटलं. मला वाटलं आता काहीतरी खरं सांगशील. तू म्हणालास, "ते मी नाही सांगू शकत."

"का?"

"नाही सांगू शकत. पाहिजे तर मला मार."

मारावं असं फार वाटलं होतं एके काळी. आता हातच उचलत नाही. मार्चमध्ये सविता बाळंतपणाला आली, आठवड्याच्या आठवड्याला तू तिला भेटायला आमच्या घरी येऊन आमच्या ताटात जेवत होतास, तेव्हा मारायला पाहिजे होतं. तेव्हा मी तुला भाकरी वाढत होतो. तिला काही कळू नये, तिच्या जिवाला घोर लागू नये म्हणून दवाखान्यात तुझ्या शेजारी बसलो, पोरगी झाली तेव्हा तुझ्या हातचा पेढा खाल्ला. तो पेढा गिळायला मला किती वेळ लागला ते तुला दिसलं असेल.

म्हणून आता माझं ऐक. दिवाळीच्या आत तू सविताला सगळं सांग. माझ्यासाठी नाही, आणि तू चांगला ठरावास म्हणूनही नाही. ती माझ्याशी बोलताना आता जरा चाचरत बोलते. दादा असा का वागतो, असा का तुटक झाला, हे तिच्या डोळ्यांत दिसतं. मी खत्रुड भाऊ म्हणून तिच्या आयुष्यातून जाणार नाही. तू सांगितलं नाहीस तर भाऊबीजेला मी सांगणार. मग तुमच्या घरात जे व्हायचं ते होईल.

जाताना तू दारात म्हणालास, "नको सांगूस. तुलाच त्रास होईल." ही धमकी होती का काय, रात्र झाली तरी मला उलगडलं नाही. काही का असेना, मी मागं हटणार नाही.

हनुमंत


श्रीगोंदा
२४ ऑक्टोबर

अमृत,

काल भाऊबीज झाली. सविता एकटीच आली, कडेवर पोरगी घेऊन. तुला ताप आहे म्हणाली. बरं केलंस.

जेवणं झाली. आई आत जरा आडवी झाली. सविता पडवीत पोरीला पायांवर घेऊन बसली होती. मी तिच्यासमोर बसलो आणि सुरुवात केली. कसं सांगायचं हे पंधरा दिवस घोकत होतो, तरी वाक्य जुळेना. सवे, तुझ्या नवऱ्याबद्दल एक गोष्ट हाय, ऐकून घे, लगेच काही ठरवू नको, असं काहीतरी बोललो. मग ते कुंपण, ती पाटी, तो कॅमेरा. तिच्या संसारावर आपण कुऱ्हाड घालतोय असं वाटत होतं.

ती पोरीला थोपटत राहिली. मान वर केली नाही.

मी थांबलो तेव्हा म्हणाली, "मला म्हाईतीये, दादा."

"कधीपासनं?"

"ते आले त्याच दिवशी सांगितलं त्यांनी. चपला काढायच्या आत. रडत हुते. दिल्लीला फोन लावायचा म्हनून नंबर हुडकत हुते." पोरगी कुरकुरली, तिनं तिला खांद्यावर घेतलं. "मीच फोन काढून घेतला त्यांच्या हातातनं."

मी पडवीच्या खांबाला टेकलो.

"त्याच महिन्यात ह्यांची कायम व्हायची ऑर्डर निघायची हुती. तपास सुरू झाला असता तर ह्यांचं नाव आलं असतं. मी म्हनले, थोडे दिवस थांबा, ते काय मारून टाकनार न्हाईत, सोडतील. जपानचं मीच काढलं. छत्री पन मीच काढली बॅगेतनं."

आणि मग, अमृत, तिनं जे सांगितलं ते बहुधा तुलाही ठाऊक नसेल.

तिथं दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं होतं, घरचा कुणाचा नंबर पाठ आहे का? मला एकच पाठ होता. तुझा. नगरला एका खोलीत राहायचो तेव्हापासूनचा, तू कधी बदलला नाहीस. तो मी दिला. साहेब शेजारच्या खोलीत गेला, आला आणि हात हलवून सांगितलं की तिकडं कुणी ओळखत नाही. इतके महिने मी समजत होतो, ते तूच म्हणालास.

"हे आंघोळीला गेल्ते का काय, असं काहीतरी हुतं," ती म्हणाली. "फोन माझ्या हातात हुता. तो मानूस तुझं नाव घेत हुता, हनुमंत, हनुमंत, असं तोडून तोडून. मी म्हनले राँग नंबर. मग नंबर पुसून टाकला. ह्यांना न्हाई सांगितलं."

मी विचारलं, "का गं सवे?" दुसरं काय विचारणार.

तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत पाणी नव्हतं. "माझ्या पोटात ही हुती. तुझं काय, तू एकटा मानूस. तुझ्यामागं बायको न्हाई, पोर न्हाई. तुझं चार दिवसांनी नीट झालं असतं. आमचं झालं नसतं."

"आई हुती," मी म्हणालो.

ती पोरीला परत थोपटायला लागली.

तू दारात म्हणाला होतास, तुलाच त्रास होईल. तुला किती माहीत होतं आणि तू किती झाकत होतास, हे मला आता कळलं. तू बायकोला झाकलंस. मी बहिणीला झाकत होतो. आणि ती मधे बसून आपल्या दोघांच्या ताटात वाढत होती. तू कुंपणापाशी जे केलंस ते मी विसरणार नाही, ते तुझं तुझ्याकडं राहू दे. पण इतके महिने मी ज्याला शिव्या घालून झोपत होतो तो माणूस घरी येऊन फोन लावायला निघाला होता, एवढं मला मान्य केलं पाहिजे. लावला नाहीस, तेही खरं.

तेवढ्यात आई उठली. "अगं, उन्हं कलली, ओवाळनार कधी?" म्हणत ताम्हण घेऊन आली. पाट मांडला. आईसमोर काय करणार? बसलो. सवितानं कुंकू लावलं, ते जरा भुवईवर आलं. आईनं पदरानं पुसलं आणि हसली. "लहानपनापासनं हिला नीट लावता येत न्हाई." मी ओवाळणी टाकली. सविता वाकून पाया पडली. दर वर्षी मी आशीर्वाद देतो, तो काल तोंडून आला नाही. नुसता डोक्यावर हात ठेवला.

पाचच्या गाडीला तिला स्टँडवर सोडायला गेलो. बॅग माझ्याकडं, पोरगी तिच्याकडं. गर्दी होती, सणाची. खिडकीची जागा मिळवून दिली. ती बसली, पोरीचं टोपरं सारखं केलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "दादा, पुढच्या वर्षी येऊ ना?"

मी म्हणालो, "आई हाय तवर येत जा."

तिला समजलं. ओठ दाबून धरले. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलताना तिनं पोरीचा इवलासा हात धरून खिडकीतून माझ्याकडं हलवला, मामाला टाटा कर म्हणून.

मीही हात हलवला. पोरीला.

हनुमंत